मधुमेह आणि हृदय : शहरांत व खेड्यांत

मधुमेह हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें साखर उभी राहते. चहा बिनसाखरेचा घ्यावा, भात कमी खावा, गोड पदार्थांस हात लावूं नये आणि महिन्या-दोन महिन्यांनीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी, एवढें केलें म्हणजे ह्या रोगाचा बंदोबस्त झाला, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. परंतु मधुमेही मनुष्य बहुधा साखरेनें मरत नाहीं. तो हृदयविकारानें, अर्धांगवायूनें किंवा मूत्रपिंडांच्या विकारानें मरतो, आणि त्यांतही हृदयाचा वांटा सर्वांत मोठा असतो. म्हणून मधुमेहाचा विचार करतांना हृदयाचा विचार सोडून चालत नाहीं.

आजच्या भाषणांत ह्या विचाराची एक विशिष्ट बाजू मला मांडावयाची आहे. रोग तोच, औषधें तींच आणि वैद्यकशास्त्रही तेंच असतांना शहरांतील मधुमेह्याच्या हृदयास जी काळजी लाभते ती खेड्यांतील मधुमेह्याच्या हृदयास लाभत नाहीं. हा फरक कोठें पडतो, कां पडतो, आणि तो कमी करण्यास शहरांत राहणाऱ्या आपणां लोकांस काय करतां येईल, एवढें मी सांगणार आहें.

प्रथम मधुमेहाचा व हृदयाचा संबंध काय तें पाहूं. हृदय हा एक स्नायु आहे, आणि त्यालाही स्वतःचें रक्त लागतें. तें रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या गव्हाच्या काडीएवढ्या बारीक असतात. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे ह्या रोहिण्यांचें आंतलें नाजूक अस्तर बिघडतें, आणि बिघडलेल्या अस्तराखालीं कोलेस्टेरॉल नांवाच्या स्निग्ध द्रव्याचा थर सांचूं लागतो. रक्तदाब वाढलेला असला म्हणजे अस्तरावरील ताण आणखी वाढतो. तंबाखूनें रोहिण्या आकुंचन पावतात. आणि एखाद्या दिवशीं तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी बसते. रोहिणी अशी बंद पडली कीं हृदयाच्या तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. ह्यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतों. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम ह्या गांवीं १९४८ सालापासून हजारों नागरिकांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यांत आली. तीवरून मधुमेही माणसास अशा विकारांचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि मधुमेहानें पडणारी ही भर पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक असते, असें दिसून आलें.

ह्याशिवाय मधुमेहाची आणखी एक खोड आहे. तो मज्जातंतूंनाही बधिर करतो. त्यामुळें हृदयाचा झटका आला तरी छातींत जी तीव्र कळ यावयाची ती पुष्कळ मधुमेह्यांस येतच नाहीं. थोडा घाम येतो, दम लागतो, जीव घाबरा होतो, मळमळतें, आणि घरांतील माणसें म्हणतात, पित्त झालें असेल. ही गोष्ट आपण लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां उपायांकडे वळूं. नुसती साखर उतरवून हृदय वांचत नाहीं, हें गेल्या कांहीं दशकांत पुरतें सिद्ध झालें आहे. ब्रिटनमधील मधुमेह्यांच्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांचा रक्तदाब कसून ताब्यांत ठेवला होता त्यांच्यांत, त्या बाबतींत ढिलाई असलेल्यांच्या मानानें, मधुमेहामुळें होणारे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें आणि अर्धांगवायूचे झटके शेंकडा ४४ नीं कमी झाले. २००४ सालीं ब्रिटन व आयर्लंड येथील २,८३८ मधुमेह्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. ह्या लोकांस पूर्वीं हृदयविकार झालेला नव्हता. त्यांपैकीं ज्यांस कोलेस्टेरॉल उतरविणारी ॲटोर्वास्टॅटिनची दहा मिलिग्रॅमची एक गोळी रोज दिली, त्यांच्यांत हृदय व मेंदू ह्यांचे मोठे विकार शेंकडा ३७ नीं घटले. डेन्मार्कमध्यें तर अवघे १६० मधुमेही घेऊन अर्ध्यांवर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान अशा सर्व बाजूंनीं एकदम उपचार केले. सुमारें आठ वर्षांत त्यांचे हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार निम्म्यावर आले, आणि एकवीस वर्षांनीं हिशेब केला तेव्हां ह्या लोकांस सुमारें आठ वर्षांचें आयुष्य अधिक लाभल्याचें आढळलें.

आठ वर्षांचें आयुष्य! आणि ह्यासाठीं लागणाऱ्या बहुतेक गोळ्या आज जुन्या, साध्या व स्वस्त झालेल्या आहेत. मग त्या सर्वांच्या वांट्यास सारख्या कां येत नाहींत? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं मी खानदेशांतील सावदा ह्या गांवाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों.

सावदा हें जळगांव जिल्ह्यांतील रावेर तालुक्याचें गांव. इंग्रजी अमदानींत कांहीं काळ तें स्वतःच तालुक्याचें ठिकाण होतें. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी, आणि मध्यें नजर पोहोंचेल तेथवर केळीच्या बागा. सावदा, निंभोरा, रावेर ह्या स्टेशनांवरून आगगाड्या भरून केळीं दिल्लीकडे रवाना होत आलीं आहेत, आणि २०१६ सालीं जळगांवच्या केळ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. शेजारींच फैजपूर आहे. १९३६ सालीं काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन तें हेंच. राष्ट्राचें लक्ष खेड्याकडे वळावें हा त्या अधिवेशनामागील हेतु होता.

सावद्याचें उदाहरण घेण्याचें कारण असें, कीं हें गांव शहर आणि खेडें ह्यांच्यामधल्या उंबरठ्यावर उभें आहे. तेथें नगरपरिषद आहे, बाजारपेठ आहे, डॉक्टर व औषधांचीं दुकानें आहेत. सातपुड्याच्या कुशींतील पालसारख्या गांवाहून आलेल्या तडवी किंवा पावरा बांधवास सावदा व फैजपूर हींच मोठीं गांवें वाटावींत. परंतु हृदयाची बंद पडलेली रोहिणी उघडण्याची वेळ आली म्हणजे सावद्याच्या माणसासही तापी ओलांडून भुसावळचा किंवा जळगांवचा रस्ता धरावा लागतो. महाराष्ट्रांत अशीं शेंकडों गांवें आहेत. तेव्हां सावद्याबद्दल जें बोलावयाचें तें त्या सर्वांबद्दलच समजावें.

आतां आंकडे पाहूं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें केलेल्या पाहणीचे पहिले निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें महाराष्ट्रांत वीस वर्षांवरील माणसांपैकीं शहरांत शेंकडा १०.९ आणि खेड्यांत शेंकडा ६.५ लोकांस मधुमेह होता. त्याच पाहणीचे अखिल भारताचे आंकडे २०२३ सालीं बाहेर आले. ते शहरांसाठीं शेंकडा १६.४ व खेड्यांसाठीं शेंकडा ८.९ असे होते. देशांतील मधुमेह्यांची एकूण संख्या दहा कोटींहून अधिक निघाली. खेड्यांतील प्रमाण कमी दिसतें खरें. पण लोकसंख्येचा सुमारें दोनतृतीयांश भाग खेड्यांत राहतो हें ध्यानीं घेतलें, तर देशांतील निम्म्याच्या आसपास मधुमेही खेड्यांतच आहेत असा हिशेब निघतो. मधुमेह हा शहरी सुखवस्तु लोकांचा रोग होय, ही समजूत आतां टाकून दिली पाहिजे.

शेतांत राबणारा सडपातळ मनुष्य ह्या रोगापासून सुरक्षित असतो, ही समजूतही तितकीच फसवी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती माता व त्यांचीं मुलें ह्यांचा अभ्यास चालविला आहे. तेथील अर्भकांचें वजन सरासरीनें २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडांतील अर्भकांचें ३.५ किलोग्रॅम भरलें. परंतु आपल्या बाळांत जी उणीव होती ती मुख्यत्वें स्नायूंची व अंतरिंद्रियांची. त्वचेखालील चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. दिसण्यांत कृश, पण बांध्यांत चरबीचा, असा हा देह पुढें थोड्याशा सुबत्तेनेंही मधुमेहाकडे झुकतो. केळीच्या पट्ट्यांत ही सुबत्ता आली आहे. ठिबक सिंचनानें पाणी धरण्याचे कष्ट कमी झाले, मोटारसायकलीमुळें शेतापर्यंतची पायपीट सुटली, आणि ज्वारीच्या व कळण्याच्या भाकरीच्या जागीं गव्हाची पोळी, फरसाण आणि दिवसांतून चार वेळां गोड चहा आला. ह्यांत कोणाचा दोष नाहीं. पण ह्याचा परिणाम शरीरावर होतोच.

आतां ह्या विषयांतील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट सांगतों. भारतासह सतरा देशांतील दीड लक्षाहून अधिक लोकांच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें, कीं हृदयविकारास कारणीभूत होणारे दोष, म्हणजे स्थूलपणा, रक्तदाब, मधुमेह इत्यादि, शहरवासीयांत अधिक होते. तरीही हृदयविकाराच्या व अर्धांगवायूच्या गंभीर घटना खेड्यांत अधिक घडल्या. दर हजार माणसांमागें वर्षाला शहरांत ४.८, तर खेड्यांत ६.३ असें तें प्रमाण होतें. आणि असा प्रसंग ओढवल्यावर शहरांत शेंकडा १३.५, तर खेड्यांत शेंकडा १७ हून अधिक माणसें दगावलीं. धोका शहरांत अधिक आणि मृत्यु खेड्यांत अधिक, असा हा उलटा हिशेब आहे. ह्या फरकाचें कारण निव्वळ रोगांत सांपडत नाहीं. तें पुष्कळ अंशीं उपचारांत, म्हणजे रोग ओळखण्यांत, मोजण्यांत, औषध चालू ठेवण्यांत आणि वेळेवर पोहोंचण्यांत शोधावें लागतें.

हे चारही टप्पे नीट कळावेत म्हणून आपण एक कल्पित उदाहरण घेऊं. दोन भाऊ आहेत. धाकटा शिकून पुण्यास नोकरीस लागला. थोरला सावद्यास केळीची बाग पाहतो. दोघांचेंही वय पन्नाशीच्या पुढें आहे, आणि आईकडून आलेला मधुमेह दोघांच्याही रक्तांत आहे. अशीं कुटुंबें आपणांपैकीं अनेकांचीं असतील.

पहिला टप्पा रोग ओळखण्याचा. धाकट्याचा मधुमेह कचेरीच्या वार्षिक तपासणींत, कसलाही त्रास नसतांना सांपडतो. थोरल्याचा सांपडतो तो बहुधा पायाची जखम महिनाभर भरून येत नाहीं तेव्हां, किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीं रक्त तपासतात तेव्हां. तोंवर रोगानें शरीरांत कित्येक वर्षें मुक्काम केलेला असतो, आणि त्या वर्षांत हृदयाच्या रोहिण्यांवर काय परिणाम झाला हें कोणीं पाहिलेलें नसतें. म्हणजे दोघे भाऊ उपचारास प्रारंभ करतात तेव्हांच थोरला मागें पडलेला असतो.

दुसरा टप्पा मोजण्याचा. थोरल्याची साखर अधूनमधून मोजली जाते. गांवांतील शिबिरांत, प्रयोगशाळेंत, हल्लीं तर बोटाच्या टोकावरून घरींही. परंतु रक्तदाब प्रत्येक भेटींत मोजला जातोच असें नाहीं. कोलेस्टेरॉलची तपासणी वर्षानुवर्षें होत नाहीं, आणि लघवींतून प्रथिन जातें कीं काय हें पाहण्याचें तर क्वचितच सुचतें. वस्तुतः लघवींतील हें प्रथिन मूत्रपिंडांबरोबर हृदयावरील संकटाचीही आगाऊ सूचना देत असतें. रोग्यास वाटतें, साखर तर दीडशेंच्या आंत आहे, मग काळजी कसली? घरांतील स्त्रियांची स्थिति आणखी बिकट आहे. थोरल्याची पत्नी स्वतः मधुमेही असली, तरी केळीची कापणी, सणवार आणि सुनेचें बाळंतपण ह्यांतून तिच्या तपासणीची पाळी सर्वांत शेवटीं येते.

तिसरा टप्पा औषध चालू ठेवण्याचा. रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेतल्यानें माणसास लगेच बरें वाटत नाहीं, आणि सोडल्यानें लगेच वाईटही वाटत नाहीं. त्यामुळें त्या सोडण्याचा मोह फार होतो. खेड्यांत ह्या मोहास परिस्थितीची जोड मिळते. सरकारी आरोग्य केंद्रांत गोळ्या फुकट मिळतात, पण एखाद्या महिन्यांत त्या संपलेल्या असतात, आणि त्यासाठीं मजुरीचा दिवस बुडवून पुनः खेप घालणें परवडत नाहीं. केळीस भाव नसला म्हणजे औषधाचा खर्च आधीं तोडला जातो. कोणी काढा सुचवितो, कोणी गोळ्यांनीं मूत्रपिंडें जातात म्हणून भीति घालतो. वस्तुस्थिति उलट आहे. ताब्यांत न ठेवलेली साखर व रक्तदाब हींच मूत्रपिंडें बिघडवितात. गुडघेदुखीवर मनानें घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र मूत्रपिंडांस खरोखरच अपाय करतात व रक्तदाबही वाढवितात. आणि झटपट गुण यावा म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या सुईनें साखर भडकते. इन्सुलिनचा प्रश्न आणखी निराळा. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, आणि जळगांव-भुसावळकडील उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो. शीतकपाट नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर वापरांतील कुपी पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यांत, कोरड्या डबींत बंद करून सावलींत ठेवावी. ही साधी युक्ति उपयोगी पडते, पण ती रोग्यास कोणी सांगत नाहीं. आणि तंबाखू! गुटख्यास महाराष्ट्रांत २०१२ सालापासून बंदी आहे, तरी चुना-तंबाखू, विडी आणि स्त्रियांची मशेरी चालूच आहेत. तंबाखू सोडण्यास खर्च येत नाहीं, आणि हृदयास तिच्याइतका लाभ देणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत.

चौथा टप्पा वेळेवर पोहोंचण्याचा. रोहिणी बंद पडल्यावर हृदयाचा स्नायु मिनिटामिनिटाला मरत असतो. गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या दोन-तीन तासांत दिल्यास सर्वांत अधिक उपयोगी पडतें. बारा तासांनंतर त्याचा फारसा लाभ राहत नाहीं. भारतांतील पन्नास शहरांच्या रुग्णालयांतून वीस हजारांहून अधिक हृदयरोग्यांची नोंद २००८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मोठा झटका आलेल्या रोग्यांपैकीं निम्म्यांना, दुखूं लागल्यापासून रुग्णालयाच्या दारीं येईपर्यंत सहा तास किंवा त्याहून अधिक काळ लागलेला होता. दाराच्या आंत आल्यावर औषध सुरू होण्यास मात्र तासाहून कमी वेळ पुरला. म्हणजे वेळ वाया जातो तो मुख्यत्वें घरांत आणि रस्त्यावर. त्याच नोंदींत गरीब रोग्यांस योग्य औषधें कमी मिळाल्याचें व त्यांच्यांतील मृत्यूंचें प्रमाण अधिक असल्याचेंही दिसलें. आतां आपल्या थोरल्या भावाची कल्पना करा. रात्रीं अकरा वाजतां त्याला घाम येतो, जीव घाबरतो. मधुमेहामुळें कळ येत नाहीं. घरांत सोडा दिला जातो, वायु सरल्यावर बरें वाटेल म्हणून पहाटेपर्यंत वाट पाहिली जाते, मग गांवांतील डॉक्टर, मग गाडीची शोधाशोध, आणि मग भुसावळ किंवा जळगांव. सहा तास केव्हांच उलटून जातात.

हें वर्णन ऐकून निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. हे चारही टप्पे सुधारतां येतात, ह्याचीं उदाहरणें आपल्याच देशांत आहेत. तामिळनाडूमध्यें लहान रुग्णालयें एका मोठ्या केंद्राशीं जोडून एक व्यवस्था उभारण्यांत आली. लहान ठिकाणींच हृदयाचा विद्युत्-आलेख काढावयाचा, गुठळीचें औषध तेथेंच द्यावयाचें आणि मग रोग्यास मोठ्या केंद्रीं हलवावयाचें, अशी ती योजना. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाप्रमाणें वर्षभरांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १७.६ वरून १४.२ वर आलें. रक्तदाबासाठींही २०१७-१८ पासून महाराष्ट्रासह पांच राज्यांत एक साधा उपक्रम सुरू झाला. सर्वांसाठीं एकच ठरलेली औषधयोजना, एकदम महिनाभराच्या गोळ्या, आणि न येणाऱ्या रोग्याचा पाठपुरावा, एवढेंच त्याचें तत्त्व.

आपल्या महाराष्ट्रांतही साधनें पूर्वींच्या मानानें पुष्कळ वाढलीं आहेत. २०१४ सालापासून १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतां येते. आशा सेविका तीस वर्षांवरील माणसांची घरोघर चौकशी करतात, आणि उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब व साखर तपासली जाते. जळगांवास २०१८ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. धुळ्यास तें त्याच्या कितीतरी आधींपासून आहे. आज महात्मा ज्योतिराव फुले ह्यांच्या नांवानें चालणारी आरोग्य योजना २०१२ सालीं ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळें होतें. ह्या योजनेंतून हृदयाच्या शस्त्रक्रियेचा किंवा रोहिणी उघडण्याचा मोठा खर्च भागतो. मात्र ती शस्त्रक्रिया टाळणारी रोजची गोळी रोग्याच्या हातीं नियमानें पडते कीं नाहीं, हें पाहणारें कोणी असेल तरच ह्या सर्व साधनांचें चीज होईल.

शहरांतील बंधूनेंही स्वतःस फार सुरक्षित समजूं नये. संशोधन परिषदेच्याच पाहणींतून २०२२ सालीं असें बाहेर आलें, कीं आपणांस मधुमेह आहे हें ठाऊक असलेल्या लोकांपैकींही साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हीं तिन्ही एकाच वेळीं ताब्यांत असणारे शेंकडा ७.७ च निघाले. पुण्यामुंबईच्या घरांत तपासणीच्या कागदांची जाड फाइल असते. पण त्या कागदांवर लिहिलेली गोळी रोज घेतली जाते असें नाहीं. खेड्यांत मोजमापच होत नाहीं, आणि शहरांत मोजमाप होऊनही त्याप्रमाणें वागणें होत नाहीं, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

मग करावें काय? शहरांत राहणाऱ्या ज्या ज्या कुटुंबाचें कोणी मधुमेही वडील, आई, भाऊ, वहिनी किंवा सासूसासरे गांवीं असतील, त्यांनीं पुढील कांहीं गोष्टी अवश्य कराव्यात. पहिली गोष्ट चौकशीची. दूरध्वनीवर “साखर किती आहे?” एवढेंच विचारून थांबूं नये. रक्तदाब किती, कोलेस्टेरॉल केव्हां तपासलें, लघवींतील प्रथिन पाहिलें काय, तंबाखू सुटली काय, आणि गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक आहेत, हेंही विचारावें. साधारणपणें तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी साखरेची तपासणी सात टक्क्यांच्या आसपास, रक्तदाब १३०/८० च्या आसपास, आणि अपायकारक कोलेस्टेरॉल शंभराच्या आंत असावें. हृदयविकार होऊन गेलेल्या माणसाचें तें सत्तरच्याही आंत हवें. फार वृद्ध व दुर्बल माणसांसाठीं डॉक्टर हीं मापें थोडीं सैल करतात, तेव्हां अंतिम निर्णय त्यांचाच मानावा.

दुसरी गोष्ट साधनांची. सणासाठीं गांवीं जातांना मिठाईचा पुडा नेण्याऐवजीं रक्तदाब मोजण्याचें यंत्र न्यावें आणि तें वापरावयास घरांतील एखाद्या शाळकरी मुलास शिकवावें. आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणें ठेवण्याची डबी स्वस्त मिळते. तीच गोळी जनऔषधि दुकानांत मूळ नांवानें घेतल्यास खर्च पुष्कळ उतरतो. केळीच्या मुलखांत हटकून विचारला जाणारा प्रश्न केळ्याचा. मध्यम आकाराच्या एका केळ्यांत सुमारें पंचवीस ग्रॅम पिष्ट व शर्करा असते, म्हणजे जवळजवळ एका लहान भाकरीइतकी. म्हणून साखर ताब्यांत असलेल्या माणसानें लहानसें केळें भाकरीच्या ऐवजीं खाण्यास हरकत नसावी. जेवणावर आणखी खाणें मात्र टाळावें.

तिसरी गोष्ट संकटाच्या पूर्वतयारीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हृदयाचा विद्युत्-आलेख रात्रीं कोठें निघतो, गुठळीचें औषध जवळांत जवळ कोठें मिळतें, गाडी कोणाची, आणि योजनेचीं कागदपत्रें कोठें ठेवलीं आहेत, हें सर्व आजच विचारून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावें आणि तो कागद भिंतीवर लावावा. मधुमेही माणसास अकारण घाम, धाप, घाबरेपणा, किंवा जबडा, खांदा, पोटाचा वरचा भाग ह्यांत अस्वस्थता वाटल्यास, आणि तोंडांत थोडी साखर टाकूनही दहा-पंधरा मिनिटांत आराम न पडल्यास, तें पित्त समजूं नये. वाट न पाहतां १०८ ला हांक मारावी, रोग्यास चालवूं नये, आणि डॉक्टरांनीं आधीं सांगून ठेवलें असेल तर ॲस्पिरिनची गोळी चावून खाण्यास द्यावी. शक्य असेल तेथें पहिल्या जवळच्या ठिकाणींच आलेख काढून मग पुढें जावें.

श्रोतेहो, नवीं रुग्णालयें, नवे रस्ते आणि औषधांचा अखंड पुरवठा हें काम शासनाचें आहे, आणि तें त्यानें केलेंच पाहिजे असा आग्रह आपण धरला पाहिजे. परंतु रोग ओळखण्यापासून रुग्णालयाचें दार गांठण्यापर्यंतच्या ह्या साखळींतील कित्येक कड्या कुटुंबाच्याच हातांत आहेत. खानदेशांतलीं, कोंकणांतलीं, मराठवाड्यांतलीं अगणित घरें आपल्या मुलांस शिकवून शहरांत पाठवितात. त्या शिक्षणाचा थोडा उपयोग गांवीं राहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या हृदयासाठीं झाला, तर आयुष्याचीं कांहीं वर्षें त्यांच्या पदरांत खचित पडतील. आज घरीं दूरध्वनि कराल तेव्हां साखरेबरोबर रक्तदाबाचीही चौकशी करा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.